दोनशेवं सील

मामांना डोंगर चढता येत नव्हता आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती. "चपला शिवणाऱ्याने चाललंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?" असं ते विचारत. गुडघे तरुणपणीच बोलायला लागले होते. सरकारी रुग्णालयात अडतीस वर्षं ड्रेसर म्हणून उभं राहायचं, दिवसाला साठ-सत्तर जखमा उघडायच्या, धुवायच्या, बांधायच्या. त्या गुडघ्यांनी निवृत्तीपर्यंत साथ दिली हेच खूप झालं. रुग्णालयात त्यांना सगळेच मामा म्हणत, अगदी मोठे सर्जनसुद्धा. पण खरेखुरे मामा ते एकाच माणसाचे होते, धाकट्या बहिणीच्या मुलीचे. ही गोष्ट त्या दोघांची आहे, आणि एका पिशवीची.

पिशवी होती डोंगर भटकणाऱ्या एका मंडळाची. दर महिन्याला वीस-पंचवीस माणसं दोन-तीन दिवसांसाठी रानात जायची, आणि त्यांच्या प्रथमोपचाराची पिशवी मामा नोकरीत असल्यापासूनच भरून द्यायचे. फुकट. शिंप्याच्या दुकानावरच्या त्यांच्या एका खोलीत खिडकीशी लांब टेबल होतं, त्यावर पांढरी चादर. पिशवी भरायची असली की मामा कोपरापर्यंत हात धुवायचे, रेडिओ बंद करायचे, आणि कुणी जिन्यावरून हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत.

दुसरे लोक अशी पिशवी भरतात ती दुकानदाराच्या यादीवरून. मामा भरत ते घाबरलेल्या माणसाचे हात डोळ्यांसमोर ठेवून. "रानात पिशवी उघडणारा माणूस शहाणा नसतो," ते सांगत, "तेवढ्यापुरता तो येडाच झालेला असतो. त्याला शोधायला लावू नका." म्हणून सगळ्यात वर रक्त थांबवायचं सामान: जाड गॉजच्या घड्या, रुंद पट्ट्या, हातमोजे. त्याखाली जखम धुवायचं: उकळून गार केलेल्या पाण्याच्या चार बाटल्या, सुई नसलेली मोठी सिरिंज, जंतुनाशक, चिमटा. त्याखाली हाड मोडलं तर लागणारं: कापसात गुंडाळलेल्या लाकडी पट्ट्या, तिकोनी फडकं, सेफ्टी पिना. तळाशी तापाच्या नि दुखण्याच्या गोळ्या, मीठ-साखरेच्या पुड्या, थर्मामीटर, शिट्टी आणि चमचमत्या कागदाचं पांघरूण. चिकटपट्टीच्या प्रत्येक रिळाचं टोक ते आत दुमडून ठेवत, म्हणजे थंडीने बधिर झालेल्या बोटांनासुद्धा ते सापडावं. आणि सगळ्याच्या वर, झाकण उघडताच तोंडावर येईल असं, त्यांच्या टपोऱ्या अक्षरातलं एक कार्ड: "आधी धुवा. भरपूर धुवा. मग झाका."

अडतीस वर्षांत ते जे काही शिकले होते ते एवढंच, असं ते स्वतः म्हणायचे. जखमेने माणूस मरत नाही, झाकलेल्या घाणीने मरतो.

सुरुवातीला पिशवीला सील नव्हतं. पण मंडळातले लोक म्हणजे घरच्यासारखे, म्हणजेच चोर. कुणाचं डोकं दुखलं, काढ गोळी. कुणाच्या बुटाची शिवण उसवली, लाव चिकटपट्टी. एकाने तर गॉजच्या घडीने चष्मा पुसला. तिसऱ्या फेरीला पिशवी अर्धी रिकामी परत आली तेव्हा मामांचं डोकं फिरलं. खालच्या मजल्यावर वीजमीटर तपासणारा एक शेजारी राहायचा, त्याच्याकडून त्यांनी तार, शिशाचे मणी आणि ते दाबायचा चिमटा आणला. मीटरला असतं तसंच सील त्यांनी पिशवीच्या चेनला ठोकलं. किरकोळ कामासाठी बाहेर एक छोटा कप्पा शिवून घेतला. त्यात तयार चिकटपट्ट्या, थोडा कापूस, मलमाची डबी. "बाहेरचा कप्पा तुमचा, आतलं माझं," असं त्यांनी जाहीर केलं. "खरी वेळ आली तरच सील तोडा. साध्या चाकूने तुटतं, ताकद लागत नाही."

ताकद लागत नाही हे खरंच होतं. पण पुढच्याच महिन्यात एका नव्या पोराने टाचेच्या फोडासाठी सील तोडलं, आणि मामांनी मंडळाच्या खोलीत सगळ्यांसमोर त्याची बिनपाण्याने केली. "टाचेला फोड आला? अरेरे! मग स्ट्रेचर नाही मागवलंस? हेलिकॉप्टर? घरी आईला कळवलंस का?" लोक खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसले. तो मुलगा कानापर्यंत लाल झाला, आणि पुन्हा कधी मंडळात फिरकला नाही. मामांना वाईट वाटलं का? छे. त्यांना वाटलं, एकदाचं कळलं सगळ्यांना. त्या दिवसानंतर कुणीही सीलला हात लावला नाही.

इथवर ठीक होतं. बिघडलं ते कौतुकाने. माणसाला चारचौघांत टाळ्या मिळायला लागल्या की त्याची अक्कल रजेवर जाते. मंडळाचे अध्यक्ष विमा कंपनीतून निवृत्त झालेले, त्यांना आकड्यांचा भारी सोस. त्यांनी भिंतीवर एक फळा लावला: "सील शाबूत परतलेल्या मोहिमा." खाली खडूने आकडा. वर नियम हवा म्हणून तो मामांकडूनच लिहून घेऊन चौकटीत बसवला: "सील शाबूत, तर मोहीम सुरक्षित." मामांनी तो लिहिताना तीन कागद फाडले, अक्षर मनासारखं येईना म्हणून. पन्नास झाले तेव्हा टाळ्या. शंभर झाले तेव्हा मामांचा फोटो फळ्याशेजारी. पिशवी परत आली की मामा आधी सील बघायचे, मग विचारायचे, "सगळे बरे आहेत ना?" हा क्रम आपल्याकडून केव्हा उलटा झाला ते त्यांना आठवत नव्हतं. दर तीन महिन्यांनी ते स्वतः सील तोडून मुदत संपलेली औषधं बदलायचे, पाण्याच्या बाटल्या नव्या भरायचे. न वापरलेल्या वस्तू मोजताना त्यांना कंजुषाला व्हावा तसा आनंद व्हायचा.

भाची मंडळात गेली ती मामांमुळेच. सव्वीस वर्षांची, टपाल वाटायच्या नोकरीवर नुकतीच लागलेली. दिवसभर गल्ल्या तुडवायच्या, जिने चढायचे, आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा डोंगर. "पायाला भिंगरी लागलीय कार्टीच्या," बहीण म्हणायची. बाप लहानपणीच गेला होता, म्हणून सायकल शिकवण्यापासून नोकरीचा अर्ज भरण्यापर्यंत सगळं मामांनी केलेलं. ती त्यांना अरे-तुरे करायची आणि मामांना ते फार आवडायचं. टपालखात्यात अजून ती कायम झाली नव्हती. सहा महिन्यांनी होणार होती. पायांवरची नोकरी होती, आणि पाय झकास होते.

दोनशेवी मोहीम तीन दिवसांची होती. म्होरक्या नेहमीचाच, ज्याला सगळे कप्तान म्हणत. अध्यक्षांनी आधीच समारंभ ठरवून टाकला होता. मामांनी पिशवी भरायला सकाळ घालवली. भाची समोर स्टुलावर बसून चहा पीत होती.

"मामा, हे सगळं आत काय काय आहे ते मला कधी दाखवत नाहीस."

"बघून काय करणार? वेळ आली की उघड, कळेल. कार्ड आहे वर."

"आणि वेळ नाही आली तर?"

"मग दोनशे!" मामा म्हणाले, आणि चिमटा दाबून त्यांनी शिसं चेपलं. तिने सीलवर बोट फिरवून पाहिलं. "नाही हं तुटू देणार," ती हसत म्हणाली. मामाही हसले. पुढे कितीतरी दिवस त्यांना आपलं ते हसू आठवत राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बसमधून उतरून घरी न जाता तडक मामांच्या जिन्यावर आली. वर यायला तिला वेळ लागला. दारात उभी राहिली तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता आणि कपाळावर घाम.

"जरा लागलंय पोटरीला," ती म्हणाली. "तू नीट पट्टी करून दे. आईला सांगू नको, ती उगाच आकांत करेल."

मामांनी तिला टेबलाशेजारी बसवलं, पाय स्टुलावर घेतला. पोटरीवर दोन चिकटपट्ट्या फुलीसारख्या लावलेल्या. बाहेरच्या कप्प्यातल्या, त्यांनीच मोजून ठेवलेल्या. भोवतालची कातडी ताणून चकाकत होती आणि तिचा रंग मामांना आवडला नाही. त्यांनी एक टोक उचललं, आणि वास आला.

आतून सडायला लागलेल्या मांसाचा तो वास अडतीस वर्षांत त्यांना पाच-सहा वेळा आला असेल. त्यांनी जखमेच्या बाजूला बोट हलकेच दाबलं. कातडीखाली कुरकुरलं, कोरड्या पाचोळ्यावर पाय पडावा तसं.

"कधी लागलं?"

"परवा. पहिल्याच दिवशी, दुपारी. ओढ्यात पाय घसरला, वाळक्या झुडपाचा खुंट घुसला. रक्तसुद्धा फार नाही आलं रे."

"धुतलं कशाने?"

तिने पाय जरा आखडून घेतला.

"धुतलं कशाने विचारतोय!"

"रुमालाने पुसलं," ती म्हणाली. "कप्तान सील तोडत होते. चाकू काढला होता त्यांनी. मीच नको म्हटलं. एवढ्याशा भोकासाठी तुझे दोनशे कशाला घालवायचे? सगळे म्हणाले, भाची शोभतेस मामांची."

तिच्या आवाजात अजूनही थोडी फुशारकी होती. ते जिन्यावरून ओरडले, शिंप्याने रिक्षा बोलावली, आणि ज्या रुग्णालयातून ते चार वर्षांपूर्वी फुलांचा गुच्छ घेऊन बाहेर पडले होते तिथे भाचीला घेऊन गेले.

सर्जन ओळखीचे होते. त्यांनी पाय पाहिला, मग मामांकडे पाहिलं. "मामा, तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही माझ्याआधीपासून बघताय हे."

"गुडघा वाचेल?"

"आत्ता घेतलं तर वाचेल बहुतेक."

सहीसाठी कागद पुढे आला. बहीण पोचायची होती, मुलगी तापात बरळायला लागली होती. सही मामांनी केली. तेच टपोरं अक्षर.

बहीण आली ती शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली. रडली, मग रडायची थांबली. सगळं ऐकून घेतलं. मामांना वाटलं, आता ही कप्तानाला शिव्या घालेल, मंडळाला घालेल. घातल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "तुझी पिशवी नसती तर त्यांनी निदान ओढ्याच्या पाण्याने तरी धुतलं असतं."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. पण इथे तर काखेतल्या कळशाला कुलूप घालणारा आपणच. मामा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिले. दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती आणि ती कुणी भरली नाही.

पाय गुडघ्याखाली चार बोटांवर कापला.

आठ दिवसांनी कप्तान पिशवी घेऊन आला. पेशाने तो मोटारी दुरुस्त करणारा, एरवी चांगला रांगडा माणूस. दारात मान खाली घालून उभा राहिला.

"मामा, मी तोडायलाच हवं होतं. पण खरं सांगू? ती नको म्हणाली तेव्हा मला हायसं वाटलं. तुम्ही काय म्हणाल, याचीच धास्ती होती. तो टाचवाला मुलगा आठवला मला."

खोटं बोलला असता तर मामांनी त्याला जिन्यावरून ढकललं असतं. खरं बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं हे त्यांना सुचेना. त्यांनी पिशवी हातात घेतली. सील शाबूत होतं. आणि सवय इतकी वाईट, की त्यांचा अंगठा आधी सीलवरच गेला.

दुसऱ्या दिवशी ते मंडळाच्या खोलीत गेले. बैठक चालू होती. फळ्यावर दोनशे लिहिलेलं होतं, आकड्याभोवती रंगीत खडूची वेलबुट्टी. मामा दारातच थांबले.

"हे पुसा."

अध्यक्ष उठले, खुर्ची दिली, पाणी दिलं. पोरीची चौकशी केली, आणि डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. ते खोटं नव्हतं. मग घसा साफ करून म्हणाले, "पण मामा, नियमाप्रमाणे बघायला गेलं तर दोनशे झालेच. सील तुटलं नाही. तिचं जास्त झालं ते घरी आल्यावर. समारंभ अर्थातच रद्द. पण आकडा कसा पुसणार? नियम तुमचाच आहे."

चौकटीतला तो नियम त्यांच्याकडे बघत होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मामांनी पिशवी टेबलावर ठेवली, खिशातून चाकू काढला आणि सील कापलं. एवढासा आवाज झाला. मग आतलं एकेक काढून त्यांनी टेबलावर मांडलं, ज्या क्रमाने भरलं होतं त्याच क्रमाने: गॉज, पट्ट्या, पाण्याच्या चार भरलेल्या बाटल्या, कागदात बंद सिरिंज, जंतुनाशक. बैठकीतल्या कितीतरी जणांनी मंडळात दहा-बारा वर्षं काढली होती, पण पिशवीच्या आत काय असतं ते कुणीच पाहिलेलं नव्हतं. कप्तानाने कार्ड उचललं आणि मोठ्याने वाचलं. "आधी धुवा. भरपूर धुवा. मग झाका."

मग अध्यक्ष, कसलाही खवचटपणा मनात न ठेवता, नुसतं सुचलं म्हणून म्हणाले, "हे कार्ड बाहेर लावायला हवं होतं, मामा."

मामा त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिले. अडतीस वर्षांची विद्या त्यांनी स्वतःच्या हाताने आत घालून वर शिसं ठोकलं होतं, आणि हे सांगायला विमा कंपनीतला माणूस लागला. त्यांनी सामान पुन्हा पिशवीत कोंबलं. कोंबलंच, क्रम लावला नाही. जाताना भिंतीवरचा आपला फोटो त्यांनी काढून घेतला. नियमाची चौकट तेवढी उंचावर होती, त्यांचा हात पोचला नाही. काढायला दुसरं कुणी उठलं नाही.

मंडळाने पुढे नवी पिशवी विकत आणली म्हणतात, दुकानातली, तयार, लाल रंगाची. तिलाही सील आहे.

भाची घरी आली. टपालखात्याने तिला कायम केलं नाही. मेहेरबानी म्हणून रोजंदारीवर आत बसवायचं कबूल केलं, पत्रं लावायला. पूर्ण बरी झाली की रुजू व्हायचं. ती रडली नाही, चिडली नाही, बोलायचीही फारशी नाही. पट्टी मात्र मामांनीच करायची, असं तिने ठरवलं. तिने ठरवलं, म्हणून बहिणीला मामांसाठी दार उघडावं लागायचं. दार उघडून ती स्वयंपाकघरात निघून जायची आणि मामा जाईपर्यंत भांड्यांचा आवाज करत राहायची.

रोज सकाळी मामा हात कोपरापर्यंत धुवायचे. त्याच पिशवीतलं सामान वापरायचे. टाकून देणं त्यांना जमलं नव्हतं. चांगलं होतं सगळं. जखम छान भरत होती, सर्जनसुद्धा म्हणाले की असं बांधलेलं आता पाहायला मिळत नाही.

एके सकाळी ते शेवटच्या बाटलीतलं पाणी सिरिंजने सोडत होते. धार बारीक, सावकाश, आतून बाहेर, जशी सोडायची असते तशी. भाची उशीला टेकून बघत होती.

"एवढंच करायचं होतं होय?" ती म्हणाली.

"एवढंच."

"किती वेळ लागला असता?"

"दहा मिनिटं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मामा, त्यांनी मोजले का मग? दोनशे?"

खोटं बोलावं असं मामांना फार वाटलं. पण ती त्यांच्या डोळ्यांत बघत होती.

"मोजले."

"चला," ती म्हणाली, "म्हणजे पाय फुकट नाही गेला."

ती हे चिडून म्हणाली की त्यांना बरं वाटावं म्हणून, हे मामांना कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. त्यांनी जखम कोरडी केली, गॉज ठेवला, पट्टी गुंडाळली, आणि सवयीने चिकटपट्टीचं टोक आत दुमडलं, म्हणजे उद्या उघडताना पटकन सापडेल.